वाह वाह प्रॉडक्शन्सची घरगुती शाखा

‘प्यार किये जा’ पाहिल्यावर आपणही एक सिनेमा काढावा असं ज्याला वाटलं नाही, तो माणूस एकतर शहाणा असला पाहिजे, नाहीतर त्याला पैसे बाळगून असलेले सासरे नसले पाहिजेत. मी शहाणा नाही. आणि आमचे अण्णा सहकारी बँकेतून निवृत्त झालेत.

१९६६ सालचा हा सिनेमा. दिग्दर्शक श्रीधर, मूळचे मद्रासच्या चित्रसृष्टीतले, तीनच वर्षांपूर्वी ‘दिल एक मंदिर’ काढून घरोघरच्या बायकांचे पदर ओले करून गेलेले. त्यांनी १९६४ साली तमिळमध्ये ‘कादलिक्क नेरमिल्लै’ नावाची प्रेमाची धमाल केली होती, तीच इथे हिंदीत आणली. ओमप्रकाश म्हणजे रामलाल, पैशाला चिकटलेला बाप. मुलींसाठी त्याला श्रीमंत स्थळं हवीत. नोकरी गेलेला शशी कपूर त्याच्याच एका मुलीच्या प्रेमात पडतो, आणि मग मित्राची अडचण निवारायला किशोरकुमार पांढरे केस चिकटवून त्याचा कोट्यधीश बाप बनून येतो. हे सगळं ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे, कारण १९८५ साली महेश कोठाऱ्यांनी पहिल्यांदा दिग्दर्शन करताना याच गोष्टीचा ‘धूमधडाका’ केला. तिथे रामलालच्या जागी शरद तळवलकर होते, आणि खोटा बाप होऊन अशोक सराफांनी जो ठसका दिला तो अजून मराठी माणसाच्या घशातून गेलेला नाही.

पण प्रेमकथा वगैरे ठीक आहे हो. खरं सांगायचं तर त्या प्रेमिकांचं पुढे काय होतं याची मला कधीच काळजी वाटली नाही. मी तो सिनेमा पुन्हा पुन्हा लावतो तो रामलालच्या मुलासाठी, आत्मासाठी. हा आत्मा म्हणजे महमूद. याला सिनेमा काढायचाय. याच्याकडे कंपनीचं नाव आहे, वाह वाह प्रॉडक्शन्स. मुमताजच्या रूपाने हिरॉइन आहे. डोक्यात दिग्दर्शकाची मस्ती आहे. कथा नाही आणि भांडवल नाही. भांडवल बापाच्या तिजोरीत आहे, म्हणून तो एके दिवशी बापाला समोर बसवून भुताची गोष्ट ऐकवतो. गोष्ट कसली, नुसते आवाज! काळोखी रात्र, वारा, करकरणारं दार, कुणाची तरी पावलं, सगळं तोंडाने. ओमप्रकाश आधी नाइलाज म्हणून बसतो, मग सरसावून बसतो, मग त्याचे डोळे मोठे होत जातात, ओठ सुकतात, आणि शेवटी तो बिचारा आपल्याच घरात, आपल्याच मुलासमोर चळाचळा कापायला लागतो. आणि कथेत अजून काहीही घडलेलं नसतं. हाच प्रसंग मी तमिळमध्ये, नागेश आणि बालय्या यांच्या तोंडून पाहिला. तमिळचं अक्षर कळत नसताना मला सगळं कळलं. सिनेमावाल्यांची याहून मोठी टिंगल काय करायची? गोष्ट सांगता येत नसली तरी चालतं, आवाज काढता आले पाहिजेत.

महमूदला या कामाचं फिल्मफेअर मिळालं, आणि विनोदी भूमिकेसाठी दिलेलं ते पहिलंच. मिळायलाच हवं होतं. आदल्याच वर्षी ‘भूत बंगला’ स्वतः दिग्दर्शित केलेला हा माणूस, त्यामुळे टिंगल थोडी स्वतःचीही होती. पण माझं मत विचाराल तर त्या प्रसंगातली निम्मी मेहनत ओमप्रकाशची आहे. तो घाबरला नसता तर महमूद हा नुसता घसा बसलेला एक तरुण ठरला असता. ऐकणाऱ्याला बक्षीस देणारा विभाग मात्र अजून कुणी काढलेला नाही.

हे मत आत्ताचं. तेव्हा मला फक्त महमूद दिसत होता.

झालं असं की, आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा लघुपट दाखवायचे ठरले, आणि लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी “तुम्ही काही करणार का?” असं निव्वळ सभ्यता म्हणून विचारल्यावर, तिसरा मजला येईपर्यंत मी त्यांना भयपटाचं नाव, त्याची लांबी, पार्श्वसंगीताची दिशा आणि प्रमुख पाहुणे कोण असावेत हे सांगून मोकळा झालो. घरी येऊन हिशेब केला. माईक, दिवा, मोबाइल ठेवायचा स्टँड. सौ. म्हणाली, “मागच्या वर्षी गिटार घेतलंत, ते माळ्यावर आहे. त्याआधी रोइंग मशीन घेतलंत, त्याच्यावर मी पापड वाळवते. आता माझ्याकडे मागू नका.”

राहिले अण्णा. अण्णा आणि आई तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते.

रविवारी सकाळी, नाश्ता अंगावर आल्याची वेळ साधून, मी अण्णांना हॉलमधल्या खुर्चीत बसवलं, पडदे ओढले, आणि सुरुवात केली. आता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती ती अशी की, ओमप्रकाशने त्याआधी कधी कुणाची गोष्ट ऐकलेली नव्हती. आमच्या अण्णांनी मात्र उभी नोकरी कर्जखात्यात काढली, आणि म्हशी मेल्याच्या, विहिरीला पाणी न लागल्याच्या, भावाने फसवल्याच्या, जावयाने दुकान बुडवल्याच्या अशा कथा त्यांनी इतक्या ऐकल्या आहेत की, समोरचा माणूस ढसाढसा रडत असताना सातबारा उलटा धरलाय हे त्यांना आधी दिसतं.

“अमावस्येची रात्र,” मी म्हणालो.

“हं,” अण्णा म्हणाले.

मी वारा सुरू केला. माझ्या वरच्या दोन दातांत फट आहे, त्यामुळे वारा तोंडातून निघाला तेव्हा वारा होता, बाहेर पडेपर्यंत त्याची शिट्टी झाली. तरी मी थांबलो नाही, आणखी एक झोत सोडला. तेवढ्यात आत कुकरनेही आपली एक शिट्टी दिली. आईंना सौ.ने बजावून ठेवलं होतं, तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचा. आईंनी केला. त्या दिवशी आमच्या पानात वरण वाढताना डाळ वेगळी पडली आणि पाणी वेगळं.

मग दार. दाराचा आवाज मी आरशासमोर उभा राहून बसवला होता, टाळूला जीभ लावून, घसा आवळून. “कर्रर्रर्र…” मी दार उघडत उघडत अण्णांच्या कानापर्यंत नेलं. अण्णा उठले. मला वाटलं, घाबरले. ते बाल्कनीत गेले, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आले आणि आमच्या बेडरूमच्या दाराच्या तिन्ही बिजागऱ्यांना एकेक थेंब सोडला. दार पुढे-मागे करून पाहिलं. “बोला जावईबापू,” पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले.

मी पावलांवर आलो. पावलं तोंडाने काढण्यात दम नव्हता म्हणून पायानेच काढली, टाचा आपटत, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये थबकत, पुन्हा आपटत, आणि भीती वाढवायची म्हणून आवाज खाली आणून म्हणालो, “पावलं जवळ येतात… जिना चढतात… दारासमोर थांबतात… आणि…”

बेल वाजली.

मी किंचाळलो. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, रविवारी सकाळी तुम्ही मिरची कांडताय का असं विचारायला आलेल्या. अण्णांनी शांतपणे दार उघडलं, त्यांना या बसा म्हणाले, माझ्याकडे पाहून पाणी प्यायची खूण केली. घरात घाबरलेला एकटा मीच होतो.

पाणी पिऊन झाल्यावर अण्णांनी एकच प्रश्न विचारला, “तारण काय देणार?”

तरी माणूस प्रेमळ. त्यांनी दोन हजार रुपये मंजूर केले, पण हप्त्याहप्त्याने, आणि प्रत्येक खर्चाचं व्हाउचर लागेल या अटीवर. मी कंपनी स्थापन केली.

आता भुतासाठी बाई पाहिजे. सौ.ला विचारलं, तिने जे उत्तर दिलं त्यात ‘भूत’ हा शब्द होता पण तो माझ्याबद्दल होता. दादासाहेब फाळक्यांची आठवण काढून मी धीर धरला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला त्याआधी तारामतीसाठी त्यांना बाई मिळेना, शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. आणि पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर साळुंक्यांनी राम आणि सीता, दोघंही एकट्याने उभे केले. मी तडक कोपऱ्यावरच्या खानावळीत गेलो. तिथल्या आचाऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पांढरी साडी तुमची की माझी?” त्याच्यासाठी साडी भाड्याने आणायची तर अण्णांना व्हाउचरवर काय लिहून द्यायचं, या विचाराने मी भूतच काढून टाकलं. नुसत्या आवाजांवर सिनेमा करायचा. महमूदने तेच केलं होतं ना?

आवाज तोंडाने काढण्याची माझी पत घरात उरली नव्हती, म्हणून खरे आवाज टिपायचं ठरवलं. आधी करकरणारं दार. आमचं दार तर गेलंच होतं. बाथरूमचं गेलं, कपाटाचं गेलं, कारण एकदा कुपी हातात आल्यावर अण्णा थांबत नाहीत. मी शेजारी गेलो. शेजारचं दार गेल्या पावसाळ्यापासून असं ओरडायचं की ते लोक रात्री पाणी प्यायला उठले तरी आम्हाला कळायचं. मी मोबाइल पुढे धरून दार ढकललं. गप्प. “तुमचे सासरे येऊन गेले ना सकाळी!” वहिनी कौतुकाने म्हणाल्या. “किती भला माणूस!” वरचा मजला, खालचा मजला, काकूंचं दार, वॉचमनच्या केबिनची खिडकी, सगळीकडे भला माणूस माझ्याआधी पोचलेला. सोसायटीची स्थापना झाल्यापासून इमारतीत एवढी शांतता कधी नव्हती.

शेवटी आठवलं, गच्चीचं दार. लोखंडी, गंजलेलं, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेलं. रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून मी जिना चढलो. वरच्या वळणावरचा बल्ब गेलेला. हात पुढे करून मी दाराशी पोचतोय तोच ते आपोआप उघडलं, आवाज अजिबात न होता उघडलं, आणि पलीकडे अंधारात पांढरा लेंगा, पांढरी बंडी, आणि हनुवटीखालून उजेड पडलेला एक चेहरा.

चेहरा म्हणाला, “याला तेल जरा जास्त लागलं.”

मोबाइलमध्ये माझी किंकाळी मात्र स्वच्छ आली. आमच्या लघुपटात निर्दोष अशी तेवढीच एक गोष्ट होती; बाकी वेळ पडद्यावर बिनआवाजाची दारं उघडत आणि मिटत राहिली. किंकाळीला टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर खालच्या काकू मुद्दाम गाठून म्हणाल्या, “चांगला होता हो. त्या ओरडणाऱ्या बाई कोण?”

दुसऱ्या दिवशी अण्णा गावी निघाले. जाताना त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. मला वाटलं, दिग्दर्शकाला आशीर्वाद म्हणून काही असेल. आत हिशेब होता, बँकेतल्या त्यांच्या सुवाच्य अक्षरात: मंजूर रक्कम, दिलेला हप्ता, येणे बाकी, आणि सगळ्यात खाली, वाह वाह प्रॉडक्शन्सच्या नावे, मशीनचं तेल, नग ४.