आप्पांच्या गोळ्या आणि फोपनारची माती

भुसावळहून गाडी सुटली तेव्हा लग्नाचा आहेर वरच्या फळीवर गेला आणि औषधांची पिशवी आप्पांच्या मांडीवर. डुलकी लागली की आहेर जाईल, औषधं नाही, हा हिशेब मला पटला. मग रावेरच्या आसपास त्यांनी सुपारीची डबी उघडली. जागा वाचवायला साऱ्या पट्ट्या कात्रीने कापून गोळ्या सुट्या करून भरलेल्या! रक्तदाबाची पांढरी, साखरेची पांढरी, पित्ताचीही पांढरी. नाव, ताकद, मुदत, लाल रेघ, सगळं घरच्या केराच्या डब्यात.

"ओळखता कशा?"

"जी सकाळी घेतो ती सकाळची."

बुऱ्हाणपूरला उतरताच मावाजिलबी आडवी आली. "दोन खातो, रात्री एक गोळी जास्त घेतो," आप्पा म्हणाले. माईंनी पुडा माझ्याकडे सरकवला. "अहो, गोळी म्हणजे उधारीची वही नव्हे, जास्त खाल्लं की जास्त फेडायला."

फोपनारच्या ओसरीवर डबी पुन्हा उघडली आणि गावातली ज्येष्ठ मंडळी जमली. "कायच्या गोया व्हय या?" एका आजोबांना चक्कर यायची, आप्पांनी उदार हाताने रक्तदाबाची गोळी (बहुधा) पुढे केली. यजमानांचा भाचा फार्मसी शिकलेला, त्याने ती हवेतच झेलली. आजोबांचा दाब आधीच कमी असता, तर गोळीने तो आणखी उतरवला असता.

तेवढ्यात दुसरी बोंब. कुणीतरी प्रेमाने माईंचं इन्सुलिन थंड पेयांबरोबर बर्फात खुपसलेलं. उन्हाने ते नासतं, तसं गोठलं तरी वाया जातं. पेन वेळेवर निघालं, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी सावलीत बसलं. उघडलेलं पेन साधारण चार आठवडे टिकतं, तेही तीस अंशांच्या आत. मे महिन्यात इथे तीस अंश फक्त माठालाच ठाऊक.

पिशवीच्या तळाशी खोकल्याची मुदत संपलेली बाटली आणि अर्धवट सोडलेलं प्रतिजैविक निघालं. आप्पा म्हणाले, "केळीच्या बागेत पुरू."

यजमान हसले. "आप्पा, या गावाच्या मातीत पुरलेलं राहत नाही. 1964 साली इथल्याच जमिनीतून बुद्धाच्या कांस्यमूर्ती निघाल्या. वाकाटकांच्या काळातल्या म्हणतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचल्या. तुमचं प्रतिजैविक कुठे ठेवणार?"

"मग संडासात ओततो."

"तेही नाही," भाचा म्हणाला. 2025 मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने संडासात टाकायची यादी दिली. ती 17 औषधांची: फेंटॅनिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल असली, चुकून एखाद्या पोराच्या हाती लागली तर जीव घेणारी. बाकीची पाण्यात सोडायची नाहीत. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडं संपत आली, तेव्हा कुठे 2006 मध्ये त्यावर बंदी आली. तापीच्या माशांवर तरी प्रयोग नको. औषधं परत घेण्याची सोय मिळेपर्यंत गोळ्या न ठेचता चहाच्या चोथ्यात कालवायच्या, पिशवीला घट्ट गाठ मारायची, वेष्टनावरचं नाव खोडायचं आणि मग कचऱ्यात.

आप्पांनी गंभीरपणे मान हलवली. "चोथा साखरेच्या चहाचा चालेल, की बिनसाखरेच्याच?"