मणी, तार आणि संयम: होतकरू कारागिरांसाठी सूचना

घरी दागिने करायला फार भांडवल लागत नाही, असं सांगणारा माणूस पुण्याच्या रविवार पेठेत किंवा मुंबईच्या भुलेश्वरात पिशवी घेऊन शिरलेला नसतो. इच्छुकाने पहिल्या खरेदीला यादी जरूर न्यावी. पहिल्या दुकानानंतर ती वारा घ्यायला उपयोगी पडते. झुमक्यांना मणी हवे असतात चार, घाऊक दुकानदार देतो अख्खी माळ. मग उरलेल्या मण्यांना शोभेलसं पदक घ्यावं लागतं, आणि पदकं डझनाने मिळतात.

आकड्यांची उजळणी घरूनच करून जावी. या बाजारात आकडा वाढला की वस्तू बारीक होते. ८ नंबरचा काचमणी साधारण ३ मिलिमीटरचा, तर ११ नंबरचा २ मिलिमीटरचा. तारेचंही तसंच: २० गेजची तार ०.८ मिलिमीटर जाड, २६ गेजची जेमतेम ०.४. गणितात पैकीच्या पैकी मिळवलेल्यांनी विशेष जपावं.

नावांना भुलू नये. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, जस्त आणि निकेल असतं; चांदी औषधालाही नसते. स्वस्तातला फिरोजा बहुधा निळा रंगवलेला हाऊलाइट निघतो, जो मुळात पांढरा असतो. मोती दातांवर हलकेच घासून पाहावा. खरा किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत सरकतो. परीक्षेआधी दुकानदाराला विचारावं आणि मोती धुऊन घ्यावा, कारण आपण काही पहिले परीक्षक नसतो.

खंबायतच्या लाल अकीकावर मात्र उगाच संशय घेऊ नये. तो भट्टीत तापवून लाल केलेला असतो हे खरं; दगडातल्या लोहामुळे हा रंग चढतो. पण गुजरातेतच लोथलला हडप्पा काळातला मण्यांचा कारखाना सापडला आहे, भट्टीसकट. चार हजार वर्षं चाललेल्या युक्तीला फसवणूक म्हणायला तसा उशीरच झाला.

ओवणं जमलं नाही तर लाजू नये. गाठ बसत नसेल तर दागिने ओवून, गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याला सरळ गाठावं.

काटकसर कुठेही करावी, कानात जाणाऱ्या हुकावर करू नये. स्वस्त हुकातलं निकेल सोसत नसेल तर कान खाजतो, लाल होतो, चिघळतो. तेव्हा ९२५ शिक्क्याच्या चांदीचे किंवा टायटेनियमचे हूक घ्यावेत, आणि भेट जाऊबाईंसाठी असली तरी तेच वापरावेत.