टचअपबहाद्दर

गाडीवरचे ओरखडे घरच्या घरी काढणारा माणूस कंजूष असतो, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो मागच्या दाराशी उकिडवा बसलेला दिसला, की येणारे-जाणारे मनातल्या मनात गॅरेजच्या बिलाचा आकडा मांडतात आणि ‘वाचवतोय पैसे’ असा निकाल देऊन पुढे जातात. त्यांनी क्षणभर थांबून त्याच्या शेजारची पिशवी बघावी. गाडीच्या कलर कोडचं टचअप पेन, त्या पेनाचा रंग जुळला नाही म्हणून नाना पेठेत जाऊन कालवून आणलेली बाटली, प्रायमर, क्लिअर कोट, पंधराशे, दोन हजार आणि तीन हजार नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड, त्यानंतरचं पॉलिश, त्यानंतरचं वॅक्स आणि प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचं मायक्रोफायबरचं फडकं. एवढ्या ऐवजात गॅरेजवाल्याने अख्खं दार रंगवून दिलं असतं आणि वर चहा पाजला असता. विम्याचं विचाराल, तर त्याचं उत्तर तयार असतं आणि ते हिशोबाला बिनचूक असतं. क्लेम न करणाऱ्याला गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट मिळते, ती चढत चढत सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोचते आणि एका क्लेमने शून्यावर येते. बितभर ओरखड्यासाठी ती घालवणं शुद्ध वेडेपणा. मान्य. पण यातून क्लेम करू नये एवढंच सिद्ध होतं. पॉलिशिंगचं मशीन विकत घ्यावं, हे कुठे सिद्ध होतं?

पैशाचा मुद्दा पडला की तो गंजावर येतो. रंगाचा टवका उडाला की पत्रा उघडा पडतो, पावसाळ्यात तिथे गंज धरतो आणि तो आतल्या आत पसरतो. हेही खरं आहे, आणि कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत तर जास्तच खरं आहे. पण पत्रा सहजासहजी उघडा पडत नाही. त्यावर फॉस्फेटचा थर असतो, मग आख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला प्रायमर, मग साधारणपणे आणखी एक प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून जाडी सुमारे १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. बहुतेक ओरखडे वरच्या क्लिअर कोटातच जिरतात, पत्र्यापर्यंत पोचणारा विरळा. आणि आमच्या बहाद्दराचा निम्म्याहून अधिक वेळ जातो तो बंपरवर, कारण स्कूटरची हँडलं, कुंड्या आणि पार्किंगचे खांब आधी तिथेच भेटतात. बंपर प्लॅस्टिकचा असतो. त्याला गंज चढवून दाखवणाऱ्याचा जाहीर सत्कारच करायला हवा.

राहिला गाडी विकतानाचा भाव. जुन्या गाड्यांचा पारखी येताना खिशात रंगाची जाडी मोजणारं यंत्र घेऊन येतो. ते पत्र्याला टेकवलं की आकडा दिसतो, आणि एखाद्या जागी तो अवाच्या सवा वाढला की पारख्याच्या भुवया वर जातात. सहा पातळ थर देऊन बुजवलेली ती जागा पाहून त्याला ओरखडा आठवत नाही, अपघात आठवतो. उघड्या ओरखड्याचे फार तर चारपाचशे कमी झाले असते. लपवलेल्याचे किती होतील ते मालकाच्या चेहऱ्यावर अवलंबून, आणि बहाद्दराचा चेहरा त्या वेळी अपराध्याचा नसतो, कलावंताचा असतो. ‘सांगा बघू कुठे होता?’ असं तो आपण होऊन विचारतो.

मग तो हे करतो तरी कशासाठी? याचं उत्तर त्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे. आधी नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं; अडकलं नाही तर जखम क्लिअर कोटातली, पॉलिशने जाईल; अडकलं तर खोल, रंग भरावा लागेल. ही परीक्षा तो डॉक्टरने नाडी बघावी तशी डोळे मिटून करतो. खोल टवक्याला टूथपिकच्या टोकाने थेंब थेंब रंग, प्रत्येक थर सुकेपर्यंत थांबायचं, शेवटी जागा किंचित उंचवटली पाहिजे, मग ती ओल्या वॉटर पेपरने घासून सपाट करायची. उथळ ओरखड्याची तऱ्हा वेगळी. तो काढता येतच नाही, कारण खड्डा काढून टाकायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. करता येतं ते एवढंच की आजूबाजूचा चांगला भाग घासून घासून खड्ड्याच्या पातळीवर आणायचा. (समतेचे बरेचसे कार्यक्रम याच पद्धतीने पार पडतात, पण तो विषय वेगळा.) म्हणजे प्रत्येक ओरखड्यापायी ऊन अडवणारा क्लिअर कोट थोडा थोडा जातो, आणि तीनचार वर्षांच्या निष्ठेनंतर त्या जागी रंगच विटू लागतो. त्यात गाडी मेटॅलिक रंगाची असली तर विचारूच नका. त्या रंगातल्या अॅल्युमिनियमच्या चकत्या कारखान्यातल्या फवाऱ्याने एका ढंगात बसलेल्या असतात, टूथपिकने दुसऱ्या ढंगात बसतात, त्यामुळे समोरून जुळलेला ठिपका बाजूने बघितला की काळा दिसतो. साधा रंग असला तरी गाडी पाच वर्षं उन्हात उभी राहिलेली असते आणि बाटलीतला रंग ताजा असतो. अशा वेळी बहाद्दराचं म्हणणं असतं, की रंग बरोबर आहे, गाडी चुकली आहे.

इतकं नुकसान कळत असूनही माणूस ज्या अर्थी थांबत नाही, त्या अर्थी त्याला ओरखडा नकोसा नाही, हवा आहे. माझा सिद्धांत असा, की मोटारीत मालकाच्या हातांना शिल्लक राहिलेलं हे शेवटचं काम आहे. या माणसाचं वय बहुधा पंचेचाळीसच्या पुढचं असतं. त्याने लहानपणी वडिलांना बजाजची स्कूटर आडवी करून सुरू करताना पाहिलंय. प्लगमध्ये कचरा आला की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. पद्मिनीवाल्यांना तर चोक, पॉइंट आणि कार्ब्युरेटर असा भरला संसार होता. २०००च्या सुमाराला प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, आणि इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला. आता बॉनेट उघडलं की काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. बिघाड झाला की एक दिवा लागतो, आणि तो का लागला हे विचारायलाही सर्व्हिस सेंटरचं यंत्र जोडावं लागतं. मालकाने करण्याजोगं काय, तर काच पुसायच्या पाण्याची टाकी भरणे. अशा परिस्थितीत रंग ही एकच गोष्ट अशी उरते, की जिच्यात संगणकाची लुडबुड नाही आणि जी पॉलिश पेपरचं ऐकते. वडिलांचा पॉलिश पेपर प्लगवरून दारावर आला, एवढाच फरक.

यावर असं म्हणता येईल, की त्याला गाडीची सेवाच करायची असेल तर तो गाडी धूत का नाही? आक्षेप चोख आहे, आणि माझ्या सिद्धांताला तो उपकारकच आहे. रोज पहाटे गाडी पुसणारा पोरगा एकाच बादलीत, एकाच फडक्याने वीस गाड्या उरकतो. कोरड्या धुळीवरून फिरणाऱ्या त्या फडक्याने क्लिअर कोटावर गोलगोल बारीक रेषांचं जाळं पडतं, उन्हात ते स्वच्छ दिसतं. सगळ्या सोसायटीत मिळून होत नसतील एवढे ओरखडे बहाद्दर महिन्याच्या पगारावर स्वतःच पाडून घेतो. दसऱ्याला झेंडूच्या तोरणाची तार बॉनेटवर घासते, तिच्याबद्दलही त्याची तक्रार नसते. माल वेळेवर येतोय तोवर कारखानदार तक्रार का करील?

दुसरा आक्षेप तरुणांचा. ज्यांनी कार्ब्युरेटर चित्रातही पाहिला नाही अशी पोरंही आता व्हिडिओ बघून बफिंग करतात, त्यांना कुठल्या वडिलांची आठवण? आठवण नसेल, पण उपासमार तीच आहे. ज्या पिढीच्या मोबाइलची बॅटरीसुद्धा साधी नखाने निघत नाही, तिला नखाची परीक्षा घ्यायला मिळाली तर ती का सोडेल? तरुण आणि वयस्क यांच्यात फरक फक्त टूथपेस्टबद्दल आहे. टूथपेस्टने ओरखडे जातात हे वयस्क बहाद्दराला वर्षानुवर्षं माहीत असतं. तरुण हसतो. वास्तविक टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे अगदी वरवरच्या रेघेवर तिचा थोडा उपयोग होतो. इथे काका बरोबर आहेत. बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरने रंग पुसायला जातात तिथे मात्र चुकतात, कारण त्यातल्या अॅसिटोनमुळे नवा रंग तर निघतोच, आजूबाजूचा जुनाही मऊ पडू शकतो, आणि बाटलीबद्दल घरात जी चौकशी होते तिला कुठलंच कंपाउंड लागू पडत नाही.

ही जमात लवकरच संपेल, असं काही जण सांगतात. नव्या गाडीवर आता पारदर्शक फिल्म चढवून मिळते, आणि तिच्यावरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. इलेक्ट्रिक गाड्या येताहेत, लोकांच्या आवडी बदलताहेत. मला उलट वाटतं. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनाचं ऑइलही बदलायचं नसतं आणि चाकातल्या हवेचा आकडाही पुष्कळदा समोरच्या पडद्यावर येतो. म्हणजे मालक आणखी रिकामा. फिल्म आपोआप बरी होते हे खरं, पण पार्किंग तळघरात असलं तर तिथे ऊन कुठलं? तेव्हा रविवारी सकाळी वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून घ्यायचा, हेअर ड्रायर लावायचा आणि ओरखड्यापासून वीत-दीड वीत अंतर राखून तो सावकाश फिरवत बसायचं. अंतर किती असावं याबद्दल आतापासूनच दोन पक्ष आहेत.