सातमजली

"झोप नाही झाली वाटते बाई?" बेशरमाच्या कुपाटीवरून काकूंनी विचारलं. डोळे त्यांचेही लालच.

मंडईच्या जत्रेतलं नाटक पहाटे सुटलं होतं. कंपनी वडशाची. झाडीपट्टीत दिवाळी सरली की रात्री अशाच जायच्या.

"तो खलनायक! माइकमंधी असा हासला, का तळ्याच्या पल्याड गेला असन आवाज. नातू भेवला न माह्या."

"अट्टहास म्हणतात त्याला."

"काईतरीच! अट्टाहास म्हंजे हट्ट. पोरानं गाडीसाठी केलता तो."

दोन्ही खरं. संस्कृतात अट्ट म्हणजे उंच. बुरूज, वरचा मजलाही. हिंदीतली अटारी त्याच घरातली. काकूंचं माहेर बालाघाटकडचं, अटारी त्यांना लगेच कळली.

"मंग आपुन सातमजली हासला म्हंतो, ते हेच न?"

मी गप्प. जन्मभर मराठी शिकवली, पण अट्ट आणि मजला शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

"पन सातच काहून?"

ते मलाही ठाऊक नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाच हसणी आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिली दोन थोरांची, शेवटची दोन हलक्यांची.

"म्हंजे जोरानं हासनारे हलके?" काकूंचं बिनसलं. मी घाईनं शंकराला पुढे केलं. मेघदूतात कालिदासाला कैलासाची शुभ्र शिखरं शिवाच्या अट्टहासाचा साचलेला ढीग वाटतात; संस्कृत कवींना हसू पांढरंच दिसतं.

"हे बरं! देव हासला तं बरफ, आमी हासलो तं हलके. अन् हट्ट कोठून आला?"

माझा आपला अंदाज: जोरानं हसण्यातलं हसू मराठीत गळालं, जोर तेवढा राहिला. 'हट्ट' कानाशी होताच, त्यानंही ओढलं असेल. वर आपण मधे एक काना घुसवला. हिंदीवाल्यांचा अट्टहास अजून हसतोच.

"हासो बापा." काकू कुपाटीला टेकल्या. "सकाळी टपरीवर दिसला न थो नट. घसा पार बसला. गरम पानी मांगाले आवाज नोहता, बोटानंच दाखवत होता."

आणि काकू हसल्या. मजले मी मोजले नाहीत, पण आत नातू पुन्हा रडायला लागला.