नाकाला काम, पायाला आराम

गोथेनबर्ग, स्वीडन

ती. आई-बाबा आणि ती. आजी,

मोतीच्या पुढच्या पायात प्लेट टाकली, ऑपरेशन नीट पार पडलं आणि डॉक्टरांनी ‘हाड जुळेपर्यंत पिल्लाला शांत ठेवा’ असं सांगून त्याला घरी पाठवलं, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण ‘पिल्लाला शांत ठेवा’ म्हणजे पनवेलच्या जुलैत गॅलरीत कपडे वाळत घाला म्हणण्यासारखंच. सांगणाऱ्याचं काय जातं! तेव्हा सल्ल्यांच्या गर्दीत आमचाही एक घ्या. आमचं म्हणणं थोडक्यात असं की, शिस्त मोतीला लावायची नाही, घराला लावायची. पिल्लू स्वतःहून फार थोड्या वेळा उड्या मारतं. बाकीच्या सगळ्या उड्या माणसं मारायला लावतात, आणि तीही प्रेमाने.

आधी पायाची गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे आमचा आग्रह विक्षिप्त वाटणार नाही. कुत्र्यांच्या छोट्या चणीच्या जातींत, पॉमेरेनियन झाला, टॉय पूडल झाला, पुढच्या पायाचं मनगटाच्या जरा वरचं हाड मोडणं हा नेहमीचा प्रकार आहे. त्यासाठी गाडीखाली यावं लागत नाही. सोफ्यावरून किंवा माणसाच्या कडेवरून मारलेली एक उडी पुरते. त्या जागी हाड पेन्सिलीएवढं बारीक, भोवती मांस जवळपास नाही आणि रक्तपुरवठाही तुटपुंजा. म्हणून अशा पिल्लांत नुसत्या प्लास्टरवर न भागवता बहुधा प्लेट आणि स्क्रू लावतात. आता ही प्लेट पाय बरा करत नाही. हाड स्वतः जुळेपर्यंत ती दोन तुकडे धरून ठेवते, एवढंच. रोज धडाधड उड्या बसल्या तर स्क्रू ढिले होतात, प्लेट वाकते, क्वचित तुटतेही. खरा घात पुढेच आहे. दुखणं काही दिवसांत ओसरतं, हाडाला मात्र कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात पिल्लाला वाटतं आपण बरे झालो, आणि घरच्यांनाही तेच वाटतं. त्यामुळे मोती लंगडायचा थांबला की तुम्ही जास्त सावध व्हायचं.

‘मग शांत राहण्याची गोळीच द्या की!’ हा बाबांचा पहिला आक्षेप असणार. अशी गोळी आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी हाडाचं ऑपरेशन झालेल्या तीसेक कुत्र्यांवर ट्रॅझोडोन या औषधाची चाचणी घेतली. निष्कर्ष 2017 साली छापून आले. काही कुत्र्यांना खरी गोळी, काहींना नुसती दिसायला तशी. दुखण्यावरचं औषध मात्र सगळ्यांना. शेवटी दोन्ही गटांत साधारण सत्तर टक्के कुत्री चांगली शांत झाली आणि दोघांत फरक असा दिसला नाही. यावरून गोळी कुचकामी आहे, असं आम्ही म्हणत नाही. काही कुत्र्यांना ती लागते आणि ते ठरवणं डॉक्टरांचं काम. शिवाय कुत्रं शांत झालं की नाही हे सांगणारे मालकच होते, हेही खरं. पण खोटी गोळी खाणारी कुत्रीही शांत होत असतील, तर दुखणं कमी असणं, जागा मर्यादित असणं आणि घरच्यांनी जरा सांभाळून वागणं, यांचाच त्यात मोठा वाटा असणार, असं आम्हाला वाटतं. त्या गोळीचा थोडा अंश मालकांच्याच पोटात गेला असावा.

आता आपलं घर डोळ्यांसमोर आणा. सकाळी दूधवाला, मग पेपरवाला, मग कामवाल्या मावशी, दुपारी कुरियर. प्रत्येक वेळी बेल वाजते आणि प्रत्येक बेलला पिल्लू दाराशी धावतं. बेलचा आवाज बंद करा आणि दारावर ‘टकटक करावी’ अशी चिठ्ठी लावा. माणूस बाहेरून आलं की ‘आला का माझा सोन्या’ हा गजर होतो. त्या सुरात हाक आली तर दत्ताच्या तसबिरीतली चारही कुत्री उठून बसतील, मोतीची काय कथा! घरात शिरल्यावर पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचंच नाही. तो खाली बसला की मग हलकेच हात फिरवायचा. पेशंटला बघायला येण्याची आपली रीत तर या दुखण्याला विषासारखी. येणारा पार्लेजीचा पुडा घेऊन येतो आणि तो दोन बोटांत उंच धरतो, म्हणजे पेशंटने मागच्या पायांवर उभं राहावं! मग चकचकीत फरश्या. त्यावर पावसाळी ओल आली की धडधाकट माणूसही घसरतो. मोती जिथे फिरणार तेवढ्या जागेत रबरी मॅट किंवा काथ्याची पायपुसणी अंथरा. गोधडी नको, तीच सरकते. सोफ्यावर खुर्च्या उलट्या घालून ठेवा. जिना त्याने चढायचा नाही, शी-शूला उचलून न्यायचं आणि खाली ठेवतानाही पट्टा हातात हवा.

आजीचा आक्षेप मोठा आणि मानाचा आहे: मुक्या जिवाला कोंडायचं? आजी, तुझ्या बाजूने इथला कायदाच उभा आहे. स्वीडनमध्ये कुत्र्याला घरात रोजच्या रोज पिंजऱ्यात कोंडून ठेवता येत नाही. पिंजरा चालतो तो प्रवासात, स्पर्धेत, अशा मोजक्या प्रसंगी. दिवसा दर सहा तासांत निदान एकदा कुत्र्याला बाहेर काढलंच पाहिजे, असाही नियम आहे. पण म्हणून इथली पिल्लं पाय मोडल्यावर मोकाट सुटत नाहीत. घडीचं जाळीचं कुंपण लावून खोलीचा एक कोपरा करतात. त्यात उभं राहता येतं, वळता येतं, पाय ताणून झोपता येतं, फक्त धाव घेता येत नाही. आपल्याकडे दिवाणखान्यात, माणसं दिसतील अशा जागी असा कोपरा करा. एकटं बेडरूममध्ये ठेवलंत तर भुंकून घर डोक्यावर घेईल. आणि हे कोंडणं शिक्षेचं नाही, मापाचं आहे. औषधाचा चमचा मोजून देतो, तशी जागाही मोजून द्यायची. पिल्लू एरवीही दिवसाचे अठरा-अठरा तास झोपतं. प्रश्न उरलेल्या पाच-सहा तासांचा आहे.

ते तास भरायला बाबांचा मार्ग म्हणजे ‘दमवा, म्हणजे झोपेल’. पाय चांगला असता तर गोष्ट वेगळी. आत्ता दमवायचं ते नाक. कुत्र्याचं निम्मं जग वासाचं असतं आणि वास घेण्यात ते मनापासून थकतं. 2019 साली दुरांतों आणि होरोविट्झ या दोघी संशोधक बायांनी दाखवलं की, दोन आठवडे वास हुंगून खाणं शोधायचा खेळ खेळलेली कुत्री, तेवढाच वेळ मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांपेक्षा, जास्त आशावादी वागायला लागली. आशावादी म्हणजे काय, तर ज्या वाटीत खाऊ असेल की नाही याची खात्री नाही, तिच्याकडेही ती उत्साहाने गेली. (असा उत्साह आपल्या सोसायटीच्या सभेत कधी दिसायचा!) यासाठी परदेशी खेळणी मागवायची गरज नाही. आईचं बिडाचं आप्पेपात्र काढा. प्रत्येक खळग्यात त्याच्या खाण्याचे चार-चार दाणे टाका, काहींवर टेनिसचे चेंडू ठेवा. नाकाने चेंडू ढकलायचा आणि दाणा शोधायचा, यात वाटीभर जेवणाला छान वेळ लागतो, आणि पात्र इतकं जड की घरभर सरकत नाही. जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवून गुंडाळी करा. बिनसाखरेचं दही वाटीत गोठवून चाटायला द्या. हे सगळं त्याच्या रोजच्या खाण्यातूनच, वेगळं नाही. बसून असलेल्या पिल्लाचं वजन वाढलं तर भार त्याच पायावर येणार. मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट यांपैकी काहीही नको. आजी प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा गुपचूप देते, तोही नको.

रेडिओ लावायचा का, असं आई विचारते. जरूर लाव. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडच्या प्राणिसंस्थेने 2017 साली छापलेल्या अभ्यासात संगीत चालू असताना कुत्री जास्त वेळ पडून राहिली, आणि रेगे व सॉफ्ट रॉक या प्रकारांत त्यांच्या हृदयाची लय सगळ्यात निवांत दिसली. मात्र एकच प्रकार सारखा लावला की त्यांना त्याची सवय होते. भावगीतं, अभंग, नाट्यगीतं आलटून पालटून लाव. तान जरा बेताची.

‘स्टेशनवरच्या कुत्र्यांचे पाय कोण बांधतं? तीही जगतातच,’ हा शेजाऱ्यांचा मुद्दा. जगतात, त्यातली काही, आणि बरीचशी तीन पायांवर. जी गेली ती दाखवायला स्टेशनवर उभी नसतात, म्हणून हा युक्तिवाद भारी वाटतो. ‘पिल्लू जग बघायच्या वयात घरात बसून भित्रं झालं तर?’ ही शंका मात्र खरी आहे, तिच्यावर हसायचं नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत जे दिसतं, ऐकू येतं, त्यावर कुत्र्याचा पुढचा स्वभाव बराच ठरतो. म्हणून त्याला टोपलीत किंवा कडेवर घट्ट धरून, पट्टा लावून वडाळे तलावापर्यंत न्या. रिक्षा, एसटी, बगळे, भेळवाला सगळं बघू दे. पाय जमिनीला लागायची गरज नाही. पट्ट्याने हळूहळू चालवणं कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. हाडाला पुढे थोडा भार लागतोच, पण तो मोजका हवा.

एका गोष्टीत मात्र चर्चा नाही. बाबांच्या गुडघ्याची गोळी मोतीला अर्धी काय, पावही द्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, आपल्याला किरकोळ वाटणारी ही औषधं कुत्र्याच्या पोटाची, मूत्रपिंडाची, यकृताची वाट लावू शकतात. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन तर गिधाडंच्या गिधाडं मेली, म्हणून गुराढोरांसाठी ते आपल्याकडे 2006 मध्ये बंद करावं लागलं. मोतीचं औषध मोतीच्या डॉक्टरांकडूनच. टाके निघेपर्यंत गळ्यातली ती प्लास्टिकची कॉलर काढायची नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी.

पुढच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं आणि डॉक्टरांनी ‘सोडा’ म्हटलं की कोपरा उचला. लंगडत नाही, खुशीत आहे, या कारणांवर आधी उचलू नका. आणि बाबा, तोपर्यंत संध्याकाळी बातम्या बघताना शेजारची जागा थोपटून ‘ये रे वर’ म्हणू नका.

तुमची,
लेक आणि जावई