लोहिताचं बाळसं

आमच्याकडं एकाच पावसाळ्यात दोघी आल्या. पहिली पाइपलाइन. जुलै 2025 मध्ये तिचं उद्घाटन झालं, खुद्द मुख्यमंत्री आले. दुसरी आमची नात. तिच्या स्वागताला आशाताई, आमची बुढी आणि दवाखान्याच्या पायरीवर भिजत बसलेलं एक कुत्रं, एवढेच हजर होते. बाप रस्त्यात अडकला होता. कसा, ते पुढं येईल.

पाइपलाइनचं काम मोठं नामी आहे. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज हेडरीला पिठासारखं दळायचं, पाण्यात कालवायचं आणि ते लाल कालवण जमिनीखालून सोडून द्यायचं. सुमारे 85 किलोमीटर वाहत ते थेट कोनसरीच्या कारखान्यात पोचतं. ना खड्डा, ना नाला, ना रांग. करोडो वर्षं हा दगड एका जागी निवांत पडून होता. आता त्याला एक मिनिट थांबवत नाही.

नातीचं येणं इतकं सरळ झालं नाही. आशाताई बजावत होत्या, तारखेच्या आठ दिवस आधी सुनेला माहेरघरात नेऊन ठेवा. माहेरघर म्हणजे आरोग्य केंद्राजवळची, दिवस भरत आलेल्या बायांची राहायची सोय. आमच्यासारख्या आडवळणी तालुक्यांसाठी ती चांगलीच आहे. पण आमच्या बोटांवरच्या हिशेबात अजून पंधरा दिवस होते. नात पंधरा दिवस आधी निघाली. या भागात हल्ली सगळ्यांनाच घाई आहे.

रात्री दोनला कळा सुरू झाल्या. 108 ला फोन केला, गाडी निघालीही. पण नाल्याच्या अलीकडं खनिजाच्या एका हायवा ट्रकचा पाटा तुटला होता आणि त्याच्यामागं भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. ॲम्बुलन्स पलीकडं, सून अलीकडं. शेवटी खाट काढली. चौघांनी चार खुरं धरली, मी पुढं टॉर्च घेऊन. निवृत्त मास्तराला दुसरं काय जमणार! टॉर्चच्या उजेडात पाऊस तेवढा दिसत होता, रस्ता नाही. ते एका ड्रायव्हरनं पाहिलं आणि गाडीचा लाइट लावला. मग दुसऱ्यानं, मग पुढच्यानं. बघता बघता नाल्यापर्यंत दिवाळी. अकराव्या गाडीची काच खाली झाली आणि आतून विचारणा आली, "कोनाची बाई हाय जी?"

मी टॉर्च वर केला. स्टिअरिंगवर आमचे चिरंजीव.

"तुझीच," मी म्हणालो.

गाडीत पंचवीस-तीस टन माल, मागं-पुढं गाड्या, पाऊस धो धो. गाडी सोडून येता येईना. त्यानं जोरात हॉर्न वाजवला. त्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही, पण सुनेला लागला असावा. ती तशातही हसली.

खाटेमागून येणारी बुढी मात्र हसली नाही. "दगडाले पाइप हाय, बाळंतनीले खाट. काहून गा?" मी छत्तीस वर्षं शिकवलं. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून म्हटलं, "पाय जपून टाक, चिखल आहे."

पहाटे पोरगी झाली. वजन 2 किलो 300 ग्रॅम. अडीच किलोच्या खाली. आशाताईंच्या फेऱ्या सुरू झाल्या: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. कापडाची झोळी, वर काट्याचा आकडा, आत आमचं कन्यारत्न. ही घरी येऊन बाळ तपासायची पद्धत कुठल्या परदेशातून आलेली नाही, ती आमच्याच जिल्ह्याची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं 39 गावांत गावातल्याच बायांना हे शिकवलं, 1999 साली 'लॅन्सेट'नं त्याचा अभ्यास छापला, आणि पुढं देशभरच्या आशाताईंच्या हातात तो काटा आला. गडचिरोलीनं देशाला काय दिलं, असं विचारलं की हल्ली सगळे लोखंड सांगतात. मी काटा सांगतो. माझं कोणी लिहून घेत नाही.

नात आठवड्याला शे-दीडशे ग्रॅमनं वाढू लागली. बुढी खूश. पण खरं बाळसं बघायचं तर डोंगराकडं बघा. 2007 साली खाणीचा पट्टा मिळाला. पुढची कितीतरी वर्षं लेकरू अंग धरेना. 2016 च्या डिसेंबरात तर माओवाद्यांनी सत्तरहून जास्त गाड्या एका दिवसात जाळल्या. आणि मग जे बाळसं धरलं म्हणता! वर्षाला 30 लाख टनांची परवानगी 2023 मध्ये एक कोटी टनांवर गेली, आणि भूक अजून वाढतेच आहे. असं वजन वाढलेलं लेकरू अंगणवाडीच्या तक्त्यात बसायचं नाही. तिथं हिरवा, पिवळा आणि लाल, तीनच पट्टे असतात. डोंगर मात्र हिरव्यातून थेट लालमध्ये गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

2025 मध्ये आणखी 937 हेक्टर जंगलाला तत्त्वतः मंजुरी मिळाली. झाडं लाखाच्या वर जाणार. नातीची झोळी आम्ही अंगणातल्या मोहाच्या फांदीला बांधतो. पुढच्या पिढीनं कशाला बांधायची, ही काळजी नको. तोवर स्टीलचे खांब येतील.

बारशाला नावावरून वाद झाला. बुढीला पाहिजे होतं जनाबाई. सुनेच्या मोबाइलमध्ये तीनशे नावं होती, त्यातली निम्मी उच्चारताना माझी कवळी हलायची. चिरंजीव म्हणाले, "जिल्हा स्टील हब होऊन राहिला ना बाबा, लोहिता ठेवू." लोहिता म्हणजे लाल. नाव शोभून दिसतं, कारण आमचं घर रस्त्याला लागून आहे. दुपटं वाळत घालावं पांढरं, काढावं भगवं. तीट लावायची तर गरजच उरली नाही, ती रस्ता लावतो. शेजारची माडिया आजी नाव ऐकून काही बोलली नाही. डोंगराकडं हात करून एवढंच म्हणाली, जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला लेकराला आणा, तो वरच आहे. अजून तरी.

मग कागद. खनिजाची गाडी काट्यावर चढते, वजन होतं, पास निघतो, वर ताडपत्री ताणली जाते आणि गाडी सुटते. माझ्या नातीच्या जन्माच्या दाखल्याला इतके दिवस लागले की तेवढ्यात तिनं मान धरली. दाखला आल्यावर निळं बाल आधार, आधारवर 'लेक लाडकी' योजनेचा अर्ज. त्यात जन्मानंतर 5 हजार, पहिलीत 6, सहावीत 7, अकरावीत 8, आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75. एकूण एक लाख एक हजार. खाणीचा पट्टा 50 वर्षांचा आहे, 2057 पर्यंत. तेव्हा लोहिता बत्तीस वर्षांची असेल. दोघांपैकी कोणाचं आधी पूर्ण होतं ते बघायला मी नसेन. हिशेब तेवढा लिहून ठेवतो.

पोषण आहाराचं पाकीट घ्यायचं तर आता मोबाइलला चेहरा दाखवावा लागतो. सून गेली. ॲपनं तिला ओळखलं नाही. नाव नोंदवलं तेव्हा ती पोटुशी होती, गाल भरलेले. आता रात्री जागून जागून डोळे खोल गेलेले. अंगणवाडीताई बिचारी म्हणाली, "जरा हसून बघा." सून हसली. नाही. तोंड धुऊन आली. नाही. मग नेटवर्कसाठी तिघी पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गेल्या. तिथं ॲपनं पहिल्या फटक्यात कोणाला ओळखलं असेल, तर मागं उभ्या असलेल्या आमच्या बुढीला. ती लाभार्थी नाही. पाकीट चौथ्या दिवशी मिळालं.

ऑक्टोबरच्या मध्यात गडचिरोलीत माओवाद्यांचा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढं शस्त्रं ठेवली. ती बातमी आम्ही सगळ्यांनी दोनदा पाहिली. ज्या रस्त्यावर संध्याकाळी पाचनंतर कोणी पाऊल टाकत नसे, तिथं माझी सून रात्री आठला पोरीला कडेवर घेऊन फेऱ्या मारते. हे मी थट्टेत सांगत नाही. त्याच आठवड्यात आमच्या घरीही एक आत्मसमर्पण झालं: शेक-शेगडीला धूर होतो, घुटी देऊ नका, असं म्हणणारा मी बुढीपुढं शरण गेलो. पुनर्वसन म्हणून मला लंगोट धुण्याचं खातं मिळालं.

आणि मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ड्रायव्हर घरोघरी गेले आणि रस्ता बंद पडल्यासारखा झाला. इतकी वर्षं आम्ही या आवाजाला शिव्या घालत आलो. अर्ज केले, निवेदनं दिली, एकदा रस्त्यावर बसलोसुद्धा. आज एकही गाडी नाही. मी समाधानानं अंग टाकलं. अकरा वाजले, बारा वाजले. झोप कोणालाच नाही. अंधारात बुढीनं विचारलं, "हा कायचा आवाज होय गा?"

"रातकिडे आहेत."

"आधीपासून होते?"

तेवढ्यात लोहितानं टाहो फोडला. दूध झालं, घुटी झाली, मोहाखालची फेरी झाली. पोर काही केल्या थांबेना. सुनेच्याच ध्यानात आलं. पोरगी जन्मल्या रात्रीपासून हायवाच्या घरघरीवर झोपलेली. तिच्या लेखी अंगाई बंद पडली होती.

चिरंजीवानं झोळी हलवत तोंडानं गाडी सुरू केली. पहिला गिअर, दुसरा, चढावर पुन्हा पहिला. रिव्हर्सला टीं टीं टीं. पोरीचे डोळे जड झाले. तो दम घ्यायला थांबला की डोळे उघडे.

"पाइपनं सगळा माल जाऊ लागला की गाड्या कमी होतील म्हणतात," गिअर बदलता बदलता तो म्हणाला. त्याच्या साळ्यानं गेल्या वर्षीच हप्त्यावर हायवा काढली आहे.

पहाटे तीनला त्याचा घसा बसला आणि ड्यूटी माझ्याकडं आली. झोळीची दोरी हातात घेतली आणि विचारलं, "पाइपलाइनचा आवाज कसा असते रे?"

"नसतेच ना बाबा."

झोळीत हालचाल झाली. मी पहिला गिअर टाकला.