व्हाया मुंब्रा

चौथीत असताना बाईंनी वर्गात विचारलं, "मे महिन्याच्या सुट्टीत कोण कुठे जाणार?" कुणी देवगड म्हणालं, कुणी संगमेश्वर. एकाने तर नागपूर सांगून सगळ्यांना गार केलं. माझी पाळी आली तसा मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "ठाण्याला!"

वर्ग फुटला. बाईंनी पदर तोंडाला लावला. शेजारच्याने विचारलं, "परत कधी सोडणार तुला?"

१९०१ साली इंग्रजांनी ठाण्यात वेड्यांचं इस्पितळ काढलं, तेव्हा आपण पुढे डोंबिवलीतल्या एका पोराच्या आजोळाची अब्रू घालवतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की, दर वर्षी मला खरोखरच का पाठवतात अशी मधूनमधून शंका यायची.

आमचा मामाचा गाव पंधरा किलोमीटरवर होता. चाळीतली इतर पोरं एसटीत ओकत ओकत कोकणात पोचायची. आम्हाला ओकायलासुद्धा वेळ मिळायचा नाही. तयारी मात्र काशीयात्रेची. आई ट्रंक भरायची, फिरकीच्या तांब्यात पाणी घ्यायची, दशम्या आणि लिंबाचं लोणचं बांधायची. "अगं, अर्ध्या तासाचा प्रवास!" असं बाबा म्हणाले की तिचं उत्तर ठरलेलं, "वेळ काय सांगून येते?"

खरं भांडण पुढेच असायचं. फास्टने जायचं की स्लोने?

बाबा जन्माने देशस्थ, नोकरीने कारकून आणि धर्माने फास्ट. रोज सकाळी फोर्टातल्या ऑफिसात जायला त्यांची ठरलेली फास्ट, ठरलेला डबा, ठरलेला दांडा. स्लो गाडीत बसणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काही ध्येयच नाही, असं त्यांचं मत होतं. आईचं म्हणणं होतं की आपण मुळात ठाण्यालाच चाललोय, तर घाई कसली? शिवाय स्लो गाडी मुंब्र्यावरून जाते आणि खिडकीतून डोंगरावरच्या मुंब्रादेवीला हात जोडता येतात. फास्ट तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगद्यात देवी कुठून दिसणार?

मी बोगदापक्षाचा. ताई देवीपक्षाची, पण तिची भक्ती मुंब्र्याला डब्यात चढणाऱ्या आवळेवाल्यापुरती होती.

फास्टने वाचत किती होतं? फार तर सात-आठ मिनिटं. ती वाचवायला बाबा आम्हाला तासभर आधी घराबाहेर काढायचे. कारण डोंबिवलीला फास्ट यायची ती आधीच ठेचून भरलेली. त्यावर बाबांचा उपाय म्हणजे 'रिटर्न' येणं. पश्चिमेला ठाण्याला जायचं म्हणून आधी पूर्वेला कल्याणला जायचं, गाडी रिकामी झाली की खिडक्या धरायच्या आणि मग ऐटीत बसून पुन्हा डोंबिवलीवरून जायचं. फलाटावरची गर्दी आमच्या डब्यावर तुटून पडायची तेव्हा बाबा त्या लोकांकडे अशा नजरेने बघायचे, जणू त्यांनी अभ्यास केला असता तर तेही बसले असते. आणि बाबा इतके सरळ की डोंबिवली-कल्याणचं तिकीट वेगळं काढायचे. "पैसे देऊन मागे जाणारं हे एकच कुटुंब असेल," आई म्हणायची.

बोगदा मात्र सगळं फेडून टाकायचा. दिवा मागे पडलं की बाबा घड्याळ बघून जाहीर करायचे, "आता पारसिक. १९१६ साली सुरू झाला. लांबी एक किलोमीटर आणि वर तीनशे मीटर." ही माहिती त्यांनी मला निदान चाळीस वेळा दिली असेल. मग काळोख. डब्यातली सगळी पोरं ठेवणीतल्या आवाजात किंचाळायची आणि मोठी माणसं ओरडण्याच्या निमित्ताने आपणही ओरडून घ्यायची.

एका वर्षी आजी बरोबर होती आणि डब्यातले दिवे बंद होते. आमची तोंडं गप्प करायला तिने अंधारात चाचपडत बेसनाचे लाडू वाटले. एक मला, एक ताईला, एक बाबांना. उजेड आला तेव्हा बाबांचा हात रिकामा होता आणि समोरचे सफारीतले एक गृहस्थ अर्धा लाडू हातात धरून अत्यंत संकोचाने म्हणाले, "आजी, बेसन छान भाजलंय हो." आजीने त्यांना आणखी एक दिला. बाबांना दिला नाही. बोगद्यात हात पुढे करायला काय झालं होतं, असं तिचं म्हणणं.

पण घराण्याच्या इतिहासात नोंदलं गेलं ते त्याच्या पुढचं वर्ष. आईने कल्याणला जायला साफ नकार दिला, म्हणून आम्ही डोंबिवलीलाच फास्टची वाट बघत उभे होतो. गाडी आली. बाबा ट्रंक घेऊन "चला, चला" ओरडत आत शिरले. म्हणजे गर्दीने त्यांना आत घेतलं. आम्ही तिघं फलाटावरच. गाडी सुटली. दारातल्या माणसांच्या डोक्यांवरून आमची ट्रंक तेवढी दिसत राहिली, विसर्जनाला निघाल्यासारखी.

ताईने भोकाड पसरलं. आईने तांब्याची फिरकी उघडली, तिला पाणी पाजलं, शांतपणे पूल चढून आम्हाला पलीकडच्या फलाटावर नेलं आणि समोर आलेल्या स्लोमध्ये बसवलं. तिला खिडकीही मिळाली. तिने देवीला हात जोडले, ताईने आवळे घेतले.

आम्ही ठाण्याला उतरलो तर बाबांचा पत्ता नाही. त्यांची फास्ट बोगद्यात सिग्नलला अडकली होती. एक किलोमीटर आणि वर तीनशे मीटर! आईने स्टेशनाबाहेर आम्हाला उसाचा रस पाजला. अर्ध्या तासाने बाबा आले. शर्टाची दोन बटणं गेलेली, चष्मा वाकडा, डोक्यावर ट्रंक. आईने रसाचा ग्लास खाली ठेवला आणि एकच शब्द उच्चारला.

"आलात?"

त्यानंतर तिने तो विषय आयुष्यात काढला नाही. बाबांना तेच जास्त लागलं.

मामाचं घर नौपाड्यात. तिथलं सगळ्यात मोठं सुख म्हणजे नळ सोडला की पाणी यायचं. आमच्या चाळीत पहाटे साडेचारला पाणी येई आणि सगळे उठायच्या आत जाई. त्यामुळे मामाकडे आम्ही दिवसातून तीनदा अंघोळ करायचो. "डोंबिवलीचे उंट आले," मामा म्हणायचा. संध्याकाळी तो आम्हाला तलावपाळीला न्यायचा. मासुंद्यात होडी, काठावर भेळ, आणि गडकरी रंगायतनात बालनाट्य असलं तर विचारायलाच नको. १९७८ मध्ये सुरू झालेल्या त्या थिएटरचा मामाला असा अभिमान, जणू पडदा त्यानेच शिवून दिला होता.

रात्री गच्चीवर मामा आणि बाबा यांचं वार्षिक युद्ध. मामा सुरुवात करायचा, "काही म्हणा भाऊजी, १६ एप्रिल १८५३. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती आमच्या ठाण्याला आली. तीन इंजिनं होती. साहिब, सिंध, सुलतान!"

बाबा पान जुळवत म्हणायचे, "आली नाही, दम खायला थांबली. १ मे १८५४ ला कल्याणला पोचली तेव्हा कुठे तिला बरं वाटलं."

"आणि डोंबिवलीला?"

बाबा चुना शोधायला लागायचे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यानचे पाचवे-सहावे रूळ सुरू झाले. लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे पारसिकचा बोगदा गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने धावायला लागल्या. ही बातमी मी वाचली होती. बाबांना सांगायचा धीर झाला नव्हता. त्यानंतर काही दिवसांनी मामाच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही निघालो. दुपारची वेळ, गर्दी बेताची. बाबांच्या हट्टाखातर फास्टच. दिवा गेलं तसं बाबांनी सवयीने घड्याळ पाहिलं, खाकरून म्हणाले, "आता पारसिक. १९१६ साली—"

अंधार काही होईना. खिडकीतून ऊन आत येत राहिलं. एक स्टेशन झपकन मागे गेलं, वर डोंगर दिसला. बाबा चष्मा पुसून पुन्हा बाहेर बघायला लागले.

आईने डोंगराकडे बघून हात जोडले, पिशवीतून बेसनाचा लाडू काढला आणि तो बाबांच्या हातावर नीट ठेवत म्हणाली,

"आलात?"